कासवाचा लळा

काशीत दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेला, शीतला घाट ओलांडला की अहिल्याबाई घाट लागतो. 1780 मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचं नाव या पायऱ्यांना आहे, आणि मराठी यात्रेकरू इथे आपल्या घरच्या माणसाच्या अंगणात आल्यासारखा टेकतो. पण याच घाटासमोरच्या पाण्याला एक वेगळा इतिहास आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंतचं सुमारे 7 किलोमीटरचं गंगेचं पात्र 1989 मध्ये कासवांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं होतं. गोड्या पाण्यातल्या कासवांसाठीचं हे देशातलं पहिलं अभयारण्य.

त्यामागचा हेतू अगदी व्यवहारी होता. 1986 मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरून पाण्यात जाणारे अर्धवट जळलेले देह हा प्रदूषणाचा मोठा प्रश्न होता. गंगेतलं मऊ पाठीचं मोठं कासव मृत मांस खातं. म्हणून चंबळ आणि यमुनेच्या काठची अंडी सारनाथच्या केंद्रात आणायची, पिल्लं वाढवायची आणि गंगेत सोडायची, असं ठरलं. हजारो पिल्लं अशी माणसाच्या देखरेखीत वाढली आणि नदीत गेली. 2020 मध्ये वाराणसीच्या या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढला गेला आणि प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांतल्या 30 किलोमीटरच्या पात्राला तो मिळाला. काशीच्या पाण्याला तो राहायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. समोरच्या तीरावरची वाळू ही कासवांची अंडी घालायची जागा, आणि वाळूच्या उपशाला त्या दर्जाची आडकाठी होती.

सारनाथला माणसांनी पिल्लं वाढवली ती सोडून देण्यासाठी. घरी काचेच्या टाकीत कासव पाळणाऱ्याची इच्छा नेमकी उलटी असते: त्यानं आपल्याला ओळखावं, हातावर यावं, त्याला आपला लळा लागावा. हे होतं का?

उत्तरासाठी कासवाच्या जन्माकडे पाहावं लागतं. आपल्या वारकरी संतांनी कासवीचा दृष्टांत वारंवार दिला आहे: कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. भक्तीच्या भाषेत त्याला तोड नाही. प्रत्यक्षात बहुतेक कासवांची मादी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते आणि पाण्याकडे निघून जाते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा जवळ कोणीही नसतं. ॲमेझॉन खोऱ्यातल्या अराउ नावाच्या कासवांमध्ये माद्या आणि पिल्लं आवाज देत एकत्र प्रवास करतात असं दिसलं आहे, पण तो अपवाद. म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाला आईच्या चाटण्यातून, उबेतून स्पर्शाची जी गोडी लागते, ती कासवाच्या आयुष्यात कधी आलेलीच नसते. वरून येऊन पाठ धरणारी गोष्ट त्याच्या लेखी एकच: घार, कोल्हा, नाही तर बगळा. आपण प्रेमानं उचलतो तेव्हा ते पाय मारतं किंवा डोकं आत घेतं, यात त्याचा रुसवा नसतो, भीती असते.

म्हणून ते मठ्ठ असतं असं मात्र कोणी समजू नये. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात महाकाय कासवांना ठरावीक रंगाच्या चेंडूला तोंड लावायला शिकवलं होतं. नऊ वर्षांनी तोच चेंडू समोर धरल्यावर ती शिकवण त्यांच्या लक्षात होती. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडचा दाखला तर याहून जवळचा आहे. आसामात हाजो इथल्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात काळी मऊ पाठीची कासवं आहेत, गंगेतल्या कासवाची सख्खी भावंडं. बांगलादेशात चट्टग्रामच्या बायजिद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यातही तीच आहेत. ही जात निसर्गातून नाहीशी झाली असं 2002 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत नोंदलं गेलं होतं. श्रद्धेनं राखलेल्या तळ्यांत मात्र ती तगली. तिथे पायरीवर माणूस बसला की कासव पाण्यातून वर येतं, मान लांब करतं आणि हातातला घास घेतं. त्यांना कोणी कुरवाळत नाही, उचलत नाही. वर्षानुवर्षं तीच पायरी, तोच घास, तोच शांत माणूस. कासवाचा लळा लागतो तो असा.

घरच्या टाकीतही हेच चालतं. रोज त्याच वेळी, टाकीच्या त्याच कोपऱ्याशी, आवाज न करता बसावं आणि चिमट्यानं घास धरावा. आधी ते तळाशी दबून बसतं, मग अर्ध्या वाटेवर येऊन थांबतं, आणि काही आठवड्यांनी तुमची सावली दिसली की काचेशी येऊन पाय मारू लागतं. ही भुकेची ओळख आहे, हे खरं. पण तुमच्या समोर मान पूर्ण बाहेर काढून पडून राहणं, ही त्याच्याकडून मिळणारी मोठी पावती आहे.

उचलावं लागतंच: टाकी साफ करताना, डॉक्टरकडे नेताना. तेव्हा जमिनीलगत बसावं. दोन्ही हातांनी बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध धरावं, बोटं पोटाखाली आणि अंगठे पाठीवर. पाय अधांतरी राहिले की ते घाबरून झटके देतं, म्हणून तळवा खाली आधाराला द्यावा. शेपटीनं कधीही उचलू नये, उलटं करू नये. पाठ ही निर्जीव ढाल नव्हे. बरगड्या आणि कणा मिळून ती बनते, वर नखासारखा थर असतो आणि त्याखाली संवेदना असतात. कवचावर रंग लावणं, भोक पाडून दोरी बांधणं हा जिवंत हाडावरचा अत्याचार आहे. आणि हात साबणानं धुवायचेच, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत याच कारणानं 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तर देऊच नये.

खरा लळा दिसतो तो सोयींमध्ये. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल असा दगड, त्यावर उष्णतेचा दिवा, आणि अतिनील किरण देणारा दुसरा दिवा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन पुरत नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते. मग ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवाचे डोळे सुजून मिटतात, ही बहुधा अ जीवनसत्त्वाची उणीव असते.

आपल्या दुकानांत मिळतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकी कासव, रेड इअर्ड स्लायडर. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असताना ते घरी येतं, मादी फूटभर होते आणि तीस वर्षंही जगू शकते. देशी कासवं पाळणं गुन्हा आहे; गंगेतलं मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर चांदण्यांच्या पाठीचं स्टार कासवही.

कंटाळा आला की हेच स्लायडर पुण्य म्हणून तीर्थात सोडायची पद्धत वाढते आहे. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात 2018 मध्ये ती सापडली. देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा ती बळकावतात. अहिल्याबाई घाटाच्या पायरीवरून असं कासव गंगेत सोडणारा माणूस सारनाथच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतो. नको असेल तर ते दुसऱ्या जाणत्या घरी द्यावं, पाण्यात नव्हे. आणि पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं देशी कासव दिसलं, तर ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच बाजूला नेऊन ठेवावं. जखमी असेल तर महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावावा आणि मदत येईपर्यंत त्याला सावलीत, हवेशीर खोक्यात, पाण्याबाहेर ठेवावं.