क्रिप्टोचं ‘स्टेकिंग’ म्हणजे नेमकं काय? मोबाईल वॉलेटमधून पैसे अडकवण्याआधी हे समजून घ्या

सोयाबीनची पट्टी झाली, कापसाचे पैसे खात्यावर आले की गावात दोन प्रकारचे लोक फिरायला लागतात. एक ट्रॅक्टरच्या शोरूमवाले आणि दुसरे ‘पैसा वाढवून देतो’वाले. या दुसऱ्यांच्या तोंडी आता नवा शब्द आलाय, स्टेकिंग. ‘काका, नाणं विकायचं नाही, नुसतं लॉक करून ठेवायचं, रोज व्याज पडतं,’ असं घरातलाच पुतण्या किंवा भाचा सांगतो आणि मोबाईल पुढं करतो. स्क्रीनवर हिरवा आकडा वाढत असतो.

आता यात गोम अशी आहे की स्टेकिंग ही खरी गोष्ट आहे आणि स्टेकिंगच्या नावानं चाललेली फसवणूकही तितकीच खरी आहे. दोन्हीची स्क्रीन सारखीच दिसते. म्हणून ‘सगळं खोटं’ म्हणून झटकून टाकण्यात अर्थ नाही, पोरं ऐकत नाहीत. नीट समजून घेतलं तर निदान खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे तरी ओळखता येईल.

बटईची जमीन डोळ्यासमोर आणा

काही क्रिप्टो नाण्यांचा हिशोब सांभाळायला बँक नसते. जगभर पसरलेले हजारो संगणक तो हिशोब ठेवतात. नोंद खोटी करू नये म्हणून संगणक चालवणाऱ्याला स्वतःची नाणी तारण ठेवावी लागतात. काम नीट केलं तर बक्षीस, लबाडी केली तर तारणातली नाणी कापली जातात. या चालवणाऱ्याला ‘व्हॅलिडेटर’ म्हणतात. इथेरियमवर स्वतः व्हॅलिडेटर व्हायचं तर ३२ नाणी लागतात, म्हणजे ते आपल्यासारख्याचं काम नाही. इतर बऱ्याच साखळ्यांवर छोटा माणूस आपली नाणी एखाद्या व्हॅलिडेटरच्या मागे लावू शकतो.

हे आपल्या बटईसारखंच आहे. सातबारा तुमच्या नावावर, कसणारा दुसरा, उत्पन्नात त्याचा वाटा. व्हॅलिडेटरला तुमची नाणी विकता येत नाहीत, ती तुमच्याच नावावर राहतात. तो बक्षिसातून कमिशन घेतो, साधारण ५ ते १० टक्के. फरक एवढाच की बटईदारानं घोळ केला तर तुमची जमीन कमी होत नाही, इथं होऊ शकते. कॉसमॉस साखळीवर व्हॅलिडेटरनं एकाच वेळी दोन वेगळ्या नोंदींवर सही केली तर त्याच्या मागे लागलेल्या सगळ्यांची ५ टक्के नाणी कापली जातात. तुमची चूक नसली तरी.

बक्षीस किती? इथेरियमवर वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास, सोलानावर ६-७ टक्के. हो, वर्षाला. २० हजार रुपयांवर ६ टक्के म्हणजे वर्षाचे १२०० रुपये, महिन्याला १००. आणि तेही रुपयात नाही, नाण्यात. नाण्याचा भाव ४० टक्के पडला तर ते ६ टक्के कुठल्या कुठं जातात. शिवाय हे बक्षीस बरंचसं नवी नाणी काढूनच दिलं जातं. नाणी वाढली की प्रत्येकाची किंमत थोडी पातळ होते. दुधात पाणी घातलं तर लिटर वाढतात, फॅट वाढत नाही, तसंच.

आता ‘रोज १ टक्का’ देणाऱ्याचा हिशोब करा. चक्रवाढीनं ते वर्षात ३७ पटीच्या वर जातं. असं स्टेकिंग कुठल्याच साखळीवर नाही.

बिटकॉइनचं स्टेकिंग होत नाही

ही एक खूण लक्षात ठेवली तरी अर्धे सापळे टळतील. बिटकॉइनची यंत्रणाच वेगळी आहे, तिथं वीज आणि यंत्रांच्या जोरावर नोंद होते, तारण नाही. यूएसडीटी नावाचं जे ‘डॉलर नाणं’ आहे त्याचंही स्वतःचं स्टेकिंग नसतं, ते दुसऱ्यांच्या साखळ्यांवर फिरतं. मग ‘बिटकॉइन स्टेक करा’, ‘यूएसडीटी स्टेक करा’ म्हणणारं ॲप काय करतं? चांगल्यात चांगलं म्हणजे तुमचे पैसे दुसऱ्याला उसने देतं. वाईटात वाईट म्हणजे घेऊन पसार होतं.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत बिटकॉइन गुंतवा, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या, असं सांगितलं जायचं. पुढं परतावा बिटकॉइनऐवजी त्यांच्याच एका नाण्यात द्यायला लागले, ज्याला बाजारात किंमत नव्हती. प्रमुख अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडलं. तेव्हा स्टेकिंग हा शब्द नव्हता, ‘मायनिंग’ होता. शब्द बदलला, टक्केवारीची गोडी तीच.

वॉलेटमध्ये नाणी नसतात, किल्ली असते

मल्टिचेन वॉलेट म्हणजे एकाच ॲपमध्ये इथेरियम, सोलाना, कॉसमॉस, ट्रॉन अशा अनेक साखळ्यांवरची नाणी सांभाळता येतात. ट्रस्ट वॉलेट हे त्यातलं एक बरंच वापरलं जाणारं ॲप. पण नाणी फोनमध्ये नसतात. नोंद साखळीवर असते, फोनमध्ये फक्त किल्ली. वॉलेट पहिल्यांदा उघडलं की ते १२ इंग्रजी शब्द दाखवतं, काही वॉलेट २४ दाखवतात. हे शब्द म्हणजेच किल्ली. फोन विहिरीत पडला तरी दुसऱ्या फोनवर हे शब्द टाकले की सगळं परत दिसतं. आणि हेच शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर त्याला तुमचा फोन, ओटीपी, अंगठा काहीच लागत नाही.

म्हणून शब्द कागदावर लिहा, दोन प्रती करा, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. फोटो नको, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं नको, गुगल ड्राइव्ह नको. गल्लीतल्या मोबाईल शॉपीवाल्याकडून वॉलेट उघडून घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. कारण शब्द पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांपुढून जातात. पैसे टाकण्याआधी एक तपासणी करावी, जी फार कमी लोक करतात: ॲप काढून टाका, पुन्हा टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट परत उघडतंय का बघा. शब्दांचा क्रम चुकला असेल तर तो रिकाम्या वॉलेटवर कळलेला बरा.

ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, त्यातही कंपनीचं नाव तपासून. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाईल तर अजिबात नको. आणि वॉलेटचा कस्टमर केअर कधी फोन करत नाही. शब्द विचारणारा, स्क्रीन शेअर करायला लावणारा माणूस चोरच समजा.

आणखी एक. याला बँकेसारखं नॉमिनी नाही, वारसनोंद नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, इथं तोही नाही. घरच्या माणसाला कागद कुठं ठेवलाय हे ठाऊक नसेल तर तुमच्या पश्चात ती नाणी साखळीवर दिसत राहतील, काढता कुणालाच येणार नाहीत. तेव्हा बायकोला सांगा. तिच्यापासून लपवून करायचं असेल तर करूच नका.

प्रत्यक्ष करताना

नाणी विकत घ्यायची ती केंद्राच्या एफआययू-इंडियाकडे नोंद असलेल्या एक्स्चेंजवरून. मार्च २०२३ पासून हे व्यवहार मनी लाँडरिंग प्रतिबंध कायद्याखाली आले आहेत. पण नोंद आहे म्हणजे सुरक्षित आहे असंही नाही. वझीरएक्समधून १८ जुलै २०२४ ला २३ कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून जास्त काळ ठप्प राहिले. त्यामुळंच लोक स्वतःच्या वॉलेटकडे वळतात. तिथं चोरीची भीती कमी झाली तरी चुकीची जबाबदारी सगळी आपली.

एक्स्चेंजवरून वॉलेटला नाणी पाठवताना साखळी निवडावी लागते. एकच नाणं चार साखळ्यांवर असू शकतं आणि चुकीची निवडली तर नाणी अडकतात किंवा जातात. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, पोचली की उरलेली. पत्ता टाईप करू नका, कॉपी करा. पण जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. चोर तुमच्या पत्त्याशी मिळताजुळता पत्ता बनवून त्यावरून चिल्लर पाठवतात, म्हणजे तो यादीत दिसावा.

मग वॉलेटमधल्या स्टेकिंग किंवा अर्न या भागात जाऊन व्हॅलिडेटर निवडायचा. शून्य कमिशनवाल्यावर भाळू नका, कमिशन नंतर वाढवता येतं. सगळ्यात मोठ्याच्या मागे पळायचं कारण नाही, अगदी नवाही नको. वर्षभर न थांबता चाललेला, मध्यम कमिशनचा बरा. आणि सगळी नाणी एकदम स्टेक करू नका. पुढं बक्षीस घ्यायला, नाणी सोडवायला प्रत्येक वेळी त्याच नाण्यात फी लागते. सगळं अडकवून बसलं की सोडवण्यापुरतंही हातात राहत नाही.

‘कनेक्ट वॉलेट’ आणि ‘अप्रूव्ह’ ही बटणं सगळ्यात धोक्याची. बाहेरच्या साईटला वॉलेट जोडून अमर्याद परवानगी दिली तर ती साईट ते नाणं केव्हाही काढून घेऊ शकते, शब्द न विचारता. कोऱ्या चेकवर सही केल्यासारखं ते आहे. वॉलेटच्या आतल्याच स्टेकिंगवर थांबलं तर हा धोका बराच कमी होतो.

अडकलेले दिवस

स्टेक केलेली नाणी लगेच विकता येत नाहीत. आधी सोडवायची, मग थांबायचं. कॉसमॉसवर २१ दिवस, ट्रॉनवर १४, सोलानावर दोन-तीन दिवस. कार्डानोवर अडकत नाहीत. इथेरियमवर तर डिसेंबर २०२० मध्ये स्टेक केलेल्यांना एप्रिल २०२३ पर्यंत काढायची सोयच नव्हती.

२१ दिवस म्हणजे काय हे लुना नाण्यानं दाखवलं. मे २०२२ च्या सुरुवातीला एका लुनाचा भाव ८० डॉलरच्या आसपास होता. त्याच कंपनीचं यूएसटी हे ‘डॉलर नाणं’ घसरलं आणि १३ मेपर्यंत लुना जवळपास शून्यावर आला. ज्यांनी लुना स्टेक केला होता त्यांनी पहिल्याच दिवशी बटण दाबलं असतं तरी नाणी सुटायला २१ दिवस. समोर भाव पडताना बघत बसले. मंडीत माल उतरवला, लिलाव थांबला आणि गेटला कुलूप, तशी गत. पुढं त्याचा संस्थापक दो क्वॉन यानं ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यानं बुडालेल्यांची नाणी सुटली नाहीत.

म्हणून पीककर्जाचे, खताचे, पोरीच्या लग्नाचे पैसे यात नकोतच. जूनमध्ये बियाणं घ्यायचंय आणि पैसे २१ दिवस अडकलेत, ही वेळ आपल्याला परवडत नाही. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडं सावकाराचा एक रुपया आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

करही द्यावा लागतो

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हेही असेल असं काहींना वाटतं. नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. बक्षीस म्हणून मिळालेली नाणी कशी दाखवायची ते सीएला विचारा, आणि त्यासाठी कोणत्या तारखेला किती आली, भाव काय होता हे वहीत लिहून ठेवा.

फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा किंवा सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. बँकेतून पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. चॅट डिलीट करू नका, व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचा वॉलेट पत्ता जपून ठेवा. आणि काही आठवड्यांनी ‘तुमची गेलेली नाणी परत काढून देतो, थोडी फी भरा’ असा फोन आला तर तो बहुतेक त्याच टोळीचा असतो. त्यांच्याकडे तुमचा नंबर आधीपासूनच आहे.