दिवाळीत मुलांना पिल्लू ‘सरप्राइज’ देताय? आधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुत्र्याचे पिल्लू भेट द्यावे, असे अनेक पालकांना वाटते. मात्र, ही वेळ अडचणीची ठरते. फटाक्यांच्या आवाजाने नवे पिल्लू बिथरते आणि शाळा सुरू झाली की दिवसभर एकटे पडते.

वय : आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास नियमाने मनाई आहे.

लस : सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात.

जबाबदारी : कुत्रा साधारण १० ते १३ वर्षे जगतो. पाचवीतले मूल कॉलेजला गेले, तरी त्याला फिरवावे लागतेच.

पोपट नको : देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार गुन्हा आहे.

सरप्राइज द्यायचेच, तर दिवाळीला पट्टा द्या. फटाके थांबल्यावर पिल्लू निवडायला मुलांना सोबत न्या.