सायकली गाडीच्या मागे टांगण्याआधी



आज बोलू या सायकली गाडीतून कशा न्यायच्या याविषयी. दिवाळी झाली, भात आणि नागली घरात आली की आपल्या सुरगाणा तालुक्यातली कितीतरी घरं दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांच्या कामाला निघतात. चार-पाच कुटुंबं मिळून एक ट्रॅक्टर-ट्रॉली ठरवतात, नाहीतर एखादा पिकअप. आधी धान्याच्या गोण्या चढतात, मग भांडी, अंथरुणं, सरपण, कोंबड्यांचं खुराडं. सगळ्यात शेवटी येतात सायकली. मळ्यातून किराणा दुकान लांब असतं, एका बागेतून दुसऱ्या बागेत जायचं असतं, म्हणून सायकल लागतेच. पण तोवर ट्रॉली गच्च भरलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, "मागं टांगा." दुसरं कुणी म्हणतं, "ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे दांडीवर बांधा, तिथं जागा रिकामीच आहे."

या दोन्ही जागा धोक्याच्या आहेत. का, ते आज समजून घेऊ. आणि मग सायकल ठेवायची कुठे, तेही पाहू.

एक साधी सायकल साधारण १८ ते २० किलोची असते. चार सायकली म्हणजे ८० किलो. धान्याच्या दीड-दोन गोण्यांएवढं वजन. गोण्या ट्रॉलीत कुठे ठेवायच्या याचा आपण विचार करतो, सायकलींचा करत नाही, कारण एकेक सायकल हाताला हलकी लागते. पण ओझं किती आहे एवढंच बघून भागत नाही. ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं.

हे आपल्याला नवीन नाही. डोक्यावरची मोळी जरा मागे सरकली की मान ताणते आणि तोल जातो. मोळीचं वजन तेवढंच असतं, जागा बदललेली असते. बैलगाडीचंही तसंच. मागच्या बाजूला जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागची बाजू खाली बसते आणि जू वर उचललं जातं. म्हणून जाणता गाडीवान माल चाकांवर ठेवतो आणि अगदी थोडा भार पुढे, जुवाकडे येऊ देतो. बैलांच्या मानेवर फार ओझं नको, पण जू हवेत तरंगायलाही नको.

दोन चाकांची ट्रॉली म्हणजे मोठी बैलगाडीच. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आहे आणि जुवाच्या जागी हूक. आता हिशेब करून बघा. समजा, ट्रॉलीच्या चाकांपासून हूक ८ फूट पुढे आहे आणि सायकली चाकांपासून ६ फूट मागे टांगल्या आहेत. चार सायकलींचे ८० किलो. ८० गुणिले ६, भागिले ८. उत्तर येतं ६०. म्हणजे मागे टांगलेल्या त्या चार सायकली हुकावरचा ६० किलो दाब कमी करतात, हुकाला वर ओढतात. हा हिशेब गाडी उभी असतानाचा. खड्ड्यात चाक आपटलं की तो हिसका आणखी मोठा होतो.

कुणी म्हणेल, ट्रॅक्टर एवढा दणकट, त्याला ६० किलोचं काय? ट्रॉलीत गोण्या नीट मधोमध असतील तर फार फरक पडणार नाही, हे खरं. पण आपण ट्रॉली कशी भरतो ते आठवा. फाळका मागे उघडतो, म्हणून जड गोण्या बऱ्याचदा मागच्या बाजूलाच राहतात. त्यावर या सायकलींची भर पडते. हुकावरचा दाब कमी झाला की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते. ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते. उतारावर वेग वाढला की हे हेलकावे वाढतात, आणि मग ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाहीत.

उलट सगळं ओझं पुढे रेटलं तरी चालत नाही. हुकावर फार दाब आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, आणि चढावर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर नीट वळत नाही. म्हणून जुना नियमच खरा: जड माल चाकांवर, किंचित पुढे कललेला.

आता मधली जागा, म्हणजे दांडीवरची. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली ती जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी असण्याला कारण आहे. वळणावर ट्रॅक्टर आधी वळतो, ट्रॉली मागून येते. त्या वेळी ट्रॅक्टरचं मोठं चाक आणि ट्रॉलीचा पुढचा कोपरा एकमेकांच्या जवळ येतात. सरळ रस्त्यावर हातभर दिसणारी जागा घाटातल्या वळणावर वितीवर येते. तिथे सायकल बांधलेली असेल तर तिचं चाक वाकतं, हँडल ट्रॅक्टरच्या टायरला घासतं. सायकल दाबाखाली येऊन हुकाच्या पिनेला धक्का देऊ शकते. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायरही इथूनच जाते. सायकलीखाली ती दबली किंवा तुटली की मागचे दिवे बंद, आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही.

चार चाकांच्या ट्रॉलीत आणखी एक गोष्ट आहे. तिची दांडी वर-खाली हलणारी असते. ती ओढण्यासाठी केलेली असते, ओझं वाहण्यासाठी नाही. तिच्यावर काही बांधलं की त्याचा भार हुकावरही येतो.

पिकअपच्या मागे मळणीयंत्र किंवा काँक्रीटचा मिक्सर जोडून नेताना तर जास्तच जपायला हवं. पिकअप ट्रॅक्टरपेक्षा हलका आणि वेगात जाणारा. त्याच्या मागे हुकाशी सायकली बांधल्या आणि त्याच हुकाला यंत्रही जोडलं, तर एका हुकावर दोन कामं पडतात. अमेरिका-युरोपात कारच्या मागच्या हुकावर सायकलींचा स्टँड लावायची पद्धत आहे. पण तिथेही हुकावर वरून किती भार चालेल याची मर्यादा ठरलेली असते. बऱ्याच लहान गाड्यांना ती ७५ किलोच्या आसपास असते. स्टँडचं वजन, सायकलींचं वजन आणि मागे जोडलेल्या गाड्याच्या दांडीचा दाब, या तिन्हींची बेरीज त्या मर्यादेत बसावी लागते. खास त्याच कामासाठी बनवलेल्या वस्तूला एवढा हिशेब असतो. आपण तर दोरीने बांधतो.

आता मागून येणाऱ्याचा विचार करू. मागे टांगलेल्या सायकलींनी ट्रॉलीचे लाल दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट झाकली जाते. सायकलीचं हँडल आणि पायडल बाहेर आलेलं असतं. सुरगाण्याहून बोरगाव, वणीकडे जाताना संध्याकाळ लवकर होते, दिवाळीनंतर धुकंही पडतं. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या पोराला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर, आणि हँडल तर दिसतच नाही. तो पोरगा आपल्याच शेजारच्या पाड्यावरचा असू शकतो.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार मर्यादेबाहेर माल मागे, पुढे, बाजूला किंवा उंच निघालेला असेल तर २० हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. अख्ख्या हंगामाच्या मजुरीत केवढं मोठं भगदाड पडेल, बघा.

मग सायकल ठेवायची कुठे? ट्रॉलीच्या आत. आणि त्यासाठी सायकलींचा विचार शेवटी करायचा नाही, आधी करायचा.

पहिल्यांदा सायकली अरुंद करून घ्या. पान्याने हँडलचा वरचा बोल्ट सैल करून हँडल चाकाच्या रेषेत फिरवलं की सायकल फळीसारखी सपाट होते. पान्यानेच पायडल काढता येतात. डाव्या बाजूचं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. काढलेली पायडलं पिशवीत घालून त्याच सायकलीला बांधा, म्हणजे हरवायची नाहीत.

मग ट्रॉलीच्या पुढच्या फळीला लागून सायकली उभ्या करा. एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. दोन सायकलींच्या मधे गोणपाट किंवा जुनी गोधडी घाला. त्यानंतर धान्याच्या गोण्या चाकांच्या वर, थोड्या पुढे लावा. अंथरुणं, भांडी, सरपण मागे. उभं करायला जागाच नसेल तर सायकली सगळ्यात वर आडव्या ठेवा, साखळीची बाजू वर करून. पण फळीच्या बाहेर काही डोकावता कामा नये.

बांधणं आपल्याला कुणी शिकवायला नको. मोळी आपणच आवळतो. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोरी सायकलीच्या चाकाला बांधू नका, चाक फिरतं आणि दोरी सैल पडते. मधल्या लोखंडी सांगाड्याला दोन ठिकाणी बांधा. आणि नायलॉनची दोरी गुळगुळीत असल्याने हादऱ्यांनी गाठ सरकते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या असतील तर त्या वापरा, त्या धरून ठेवतात.

माणसांचंही सांगायला हवं. दांडीवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा सामानाच्या ढिगावर कुणी बसायचं नाही, मूल तर मुळीच नाही. मालाच्या गाडीत माणसं बसवायला परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना हीच गोष्ट आडवी येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना तिकीटच नाही. म्हणून सामान ट्रॉलीत आणि माणसं एसटीत, असा हिशेब गटात बसून एकदा करून बघा. माणसं उतरली की सायकलींनाही ट्रॉलीत जागा होते.

निघताना ड्रायव्हरदादांना पाच गोष्टी विचारायच्या. दादा, हुकाची पिन पूर्ण खाली बसली का, आणि तिच्या टोकाला लॉक लावलं का? पिन निसटली तर ट्रॉली धरून ठेवायला साखळी आहे का? ट्रॉलीच्या टायरात हवा आहे का? मागचे दिवे लागतात का, रिफ्लेक्टर पुसले का? आणि ट्रॅक्टरचे ब्रेकचे दोन पायडल एकमेकांना जोडले का? शेतात वळताना एकाच चाकाचा ब्रेक लागावा म्हणून ते सुटे ठेवतात. रस्त्यावर तसेच सुटे राहिले आणि एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. मागे भरलेली ट्रॉली असताना तो उलटूही शकतो.

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टर थांबू बघतो आणि ट्रॉली त्याला मागून ढकलते. म्हणून घाट उतरायच्या आधीच गाडी लहान गिअरमध्ये घ्यायची. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडायची नाही. आणि निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर एकदा थांबून दोऱ्या हाताने ओढून बघायच्या. सामान हादऱ्यांनी बसतं, आणि दोऱ्या सैल होतात त्या पहिल्या टप्प्यातच.

"ड्रायव्हरला असं विचारलं तर तो चिडणार नाही का?" असं मनात येईल. एखादा चिडेलही. पण भाडं आपण देतो, सामान आपलं आहे. चांगला ड्रायव्हर तर खूश होतो, कारण घाटात जीव त्याचाही टांगणीला असतो. एकटीला विचारायला अवघड वाटत असेल तर गटाने ठरवा: गाडी ठरवतानाच सांगायचं, सायकली आत बसतील तरच भाडं पक्कं. दोन सायकली बसत नसतील तर त्या या खेपेला घरी राहू द्या. शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल तर घरीच राहिलेली बरी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात त्या शाळेत जाण्यासाठी. मुलगी आजीजवळ राहून शाळेत जाणार असेल तर तिची सायकल बागेवर नेऊन काय करायचं?

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. कागदावर एक ट्रॉली काढा, चाकं कुठे, हूक कुठे ते दाखवा, आणि विचारा की गोण्या कुठे ठेवाल, सायकली कुठे ठेवाल. ज्यांनी बैलगाडी हाकलेली आहे त्या आजीला आधी बोलू द्या. तिचं उत्तर बहुतेक बरोबरच येईल.

नीट जा, नीट पोहोचा. नमस्कार.