डर्बनचं वांगं, लंडनची जखम

दोन्ही फुफ्फुसं बदलायची तर शल्यविशारदांना बहुधा छातीच्या मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, कापावं लागतं. 2017 साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या एका किशोरवयीन मुलीची ती जखम भरेना. क्षयाच्या जंतूच्याच कुळातला 'मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस' तिथं ठाण मांडून बसला होता. पुढं तो यकृतात आणि त्वचेतही पसरला. प्रतिजैविकं थकली. नवी फुफ्फुसं शरीरानं नाकारू नयेत म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, त्यामुळं शरीराकडूनही मदत नाही.

जंतूचे नमुने अमेरिकेत पिट्सबर्गला फाज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडं गेले. त्यांच्या शीतकपाटांत जिवाणूंना मारणारे दहा हजारांहून अधिक विषाणू, म्हणजे फाज, साठवलेले होते. हा साठा जमवला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, संशोधन शिकता शिकता, अंगणातली माती आणि कंपोस्ट गाळून. कुणाला बरं करावं हा हेतूच त्यात नव्हता! त्यातला 'मडी' 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये कुजलेल्या वांग्यावर सापडलेला. मुलीच्या जंतूला त्यानं नेमकं मारलं. आणखी दोन फाज उपयोगाचे वाटले. पण त्यांची खोड अशी, की जिवाणूत शिरून पुष्कळदा आयतोबा पाहुण्यासारखे पडून राहायचे, यजमानाला मारायचे नाहीत. त्यांना निजवणारं जनुक काढून टाकलं, तेव्हा तेही कामाला लागले.

जून 2018 पासून तिघांचं मिश्रण दिवसातून दोनदा शिरेतून दिलं गेलं. छातीची जखम मिटली, यकृताचं काम सुधारलं, त्वचेवरच्या बहुतेक गाठी विरल्या.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. हेच मिश्रण नंतर 81 वर्षांच्या एका रुग्णाला दिलं. त्याची प्रतिकारशक्ती शाबूत होती. आधी जंतू घटले, पण दोन महिन्यांत शरीरानं फाजांविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली आणि उपचार निष्प्रभ झाला. लंडनच्या मुलीत अशी निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं आढळली नव्हती. ज्या दुबळेपणामुळं जंतू माजला, त्यानंच बहुधा फाजांना वाट मोकळी ठेवली.

म्हणून 'प्रतिजैविकांना पर्याय सापडला' हे मथळे मला घाईचे वाटतात. 2022 मध्ये अशाच चिवट जंतूंची बाधा झालेल्या आणि फाज दिलेल्या 20 रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध झाले. 11 जणांत अनुकूल परिणाम दिसला. तुलनेसाठी फाज न दिलेला गट त्यात नव्हता, आणि बहुतेकांना सोबत प्रतिजैविकंही चालू होती. शिवाय 'मडी' हा फाज अ‍ॅब्सेससच्या सगळ्याच वाणांना मारत नाही. त्यामुळं दर रुग्णामागं जंतू वाढवून, त्याला मारणारा फाज साठ्यात आहे का, हे नव्यानं तपासावं लागतं.