मागच्या चाकांची पोलिसगाडी

१९८० साली अमेरिकेत ‘द ब्लूज ब्रदर्स’ नावाचा चित्रपट निघाला. त्यातले दोघे भाऊ फिरतात ती मोटार म्हणजे पोलिसखात्याने मोडीत काढलेली १९७४ ची डॉज मोनॅको. चित्रपटातली ही जुनी पोलिसगाडी लोकांच्या मनात अशी बसली की तिची आठवण अजून निघते. अशा गाड्यांचे शौकीन अमेरिकेत गावोगावी आहेत. त्यांना नेमके काय आठवते, ते पाहू.

या मोटारींचे इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. इंजिनापासून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो. गाडीत मधोमध उंचवटा असतो ना, तो याच दांड्यासाठी! गाडीने एकदम वेग घेतला की तिचे वजन मागे सरकते आणि मागची चाके रस्त्याला घट्ट धरतात. पुढच्या चाकांना फक्त वळण्याचे काम. ओढायचेही त्यांनीच आणि वळायचेही त्यांनीच, असा दुहेरी भार त्यांच्यावर पडत नाही.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. खाली लोखंडी चासी आणि वर बसवलेली बॉडी, अशी यांतल्या बऱ्याच गाड्यांची ट्रकसारखी बांधणी. पाठलागात पदपथावर चढली, पत्रा चेपला, तरी गाडी दुरुस्त होऊन पुन्हा गस्तीला हजर.

शेवरोलेट हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना परके नव्हते; १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईतच जोडणीचा कारखाना काढला होता. त्याच शेवरोलेटच्या कॅप्रिस या पोलिसगाडीला १९९४ पासून ५.७ लिटरचे, २६० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. तिचीच घरगुती बहीण इम्पाला एस.एस.; १९९४ ते १९९६ या तीन सालांत जवळजवळ सत्तर हजार निघाल्या. पण मोठ्या जीपवजा गाड्यांत नफा जास्त! डिसेंबर १९९६ मध्ये टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात कॅप्रिस थांबली आणि तिथे त्या गाड्या बनू लागल्या. मग फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया एकटीच उरली. सुमारे अठरा फूट लांब, आठ सिलिंडरची. शेवटची १५ सप्टेंबर २०११ रोजी कॅनडातील सेंट थॉमसच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आता शौकिनांना न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. या फोर्डची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्याही मागे होती. हमरस्त्याच्या कडेला पोलिस गाडी थांबवून उभा, आणि मागून भरधाव मोटार येऊन आदळली, की टाकी फुटून आग! कित्येक पोलिस असे जळून गेले. ओरड झाल्यावर २००२ मध्ये टाकीभोवती संरक्षक पत्रे आले, २००५ च्या मॉडेलपासून आग विझवणारी यंत्रणाही घेता येऊ लागली. शिवाय पेट्रोलची भूक जबर: शहरात लिटरला सहा-सात किलोमीटर. एवढे असूनही मेकॅनिक मंडळी हळहळतात, हे मला खोटे वाटत नाही. बॉनेट उघडले की आत हात घालायला जागा होती हो!

निवृत्त गाड्या लिलावात निघत. काही टॅक्सी झाल्या, काही हौशी लोकांनी घेतल्या. बिल्ला गेला, दिवे गेले, रंग बदलला. पण आरशात तो ओळखीचा चेहरा दिसला की पुढचा मोटारवाला अजूनही मुकाट्याने वेग कमी करतो, आणि मागच्या बिचाऱ्या मालकाला रस्ताभर रांगत जावे लागते.