बालभयकथेतील काळ आणि पुरुष

लहान मुलाला भिववावयाचे झाल्यास भाषेजवळ दोन साधने आहेत. एक धाक आणि दुसरे गोष्ट. व्यवहारात ही दोन्ही एकाच घरात, पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात. त्यामुळे त्यांच्यातील भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. वस्तुतः त्यांचे व्याकरण निराळे आहे. मुलांसाठी लिहिलेल्या भयकथांविषयी आणि बालवाङ्मयाच्या घाटात लिहिलेल्या काळ्या विनोदाविषयी जो वाद गेली पाऊणशे वर्षे निरनिराळ्या देशांत चालत आला आहे, तो या भेदाच्या आधारे अधिक नेमकेपणाने मांडता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम आपल्या बागुलबुवाचा विचार करू. ‘जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल’ हे वाक्य मराठी घरात कोणाच्या कानी पडले नसेल? परंतु बागुलबुवाची गोष्ट कोणी सांगत नाही. तो कोठे राहतो, कोणाला घेऊन गेला, त्याचे पुढे काय झाले, याविषयी परंपरा मूग गिळून आहे. त्याला भविष्यकाळ आहे, भूतकाळ नाही. ‘आला हं बागुलबुवा!’ असे आपण म्हणतो खरे, पण तेथे रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ निकटच्या भविष्याचा आहे. दारात न पोहोचताच ‘आलो, आलो’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी असतो तोच. ज्याला भूतकाळ नाही त्याला शेवटही नाही. म्हणून धाकाची भीती संपत नाही, ती केवळ पुढे ढकलली जाते.

गोष्टीचे याच्या उलट आहे. ‘एक होता राजा’ असे म्हणताच, एरवी वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद कर्त्याच्या पुढे सरकते आणि ऐकणाऱ्याला कळते की हे झालेले आहे, संपलेले आहे आणि सांगणारा त्यातून सुखरूप बाहेर पडून आपल्यासमोर बसला आहे. (‘भूत’ हा शब्द मुळात ‘भू’ धातूचे भूतकालवाचक धातुसाधित आहे. पिशाच आणि होऊन गेलेला काळ या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो, या योगायोगावर फार मोठी इमारत उभारू नये. पण वर्गात तो सांगितला की विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहतो, असा अनुभव आहे.)

भूतकाळाचे हे कुंपण मुद्दाम मोडण्यासाठीच रचलेली अशी एक कथा इंग्रजी मौखिक परंपरेत आहे. मृताच्या शरीराचा किंवा त्याच्या मालकीचा काही भाग जिवंत माणूस घेऊन जातो. रात्री तो मागणारा आवाज येतो. आवाज जवळ जवळ येत जातो. जोसेफ जेकब्ज यांनी १८९० च्या ‘इंग्लिश फेअरी टेल्स’मध्ये या कथेची ‘सोन्याचा हात’ ही वाचना छापली. मार्क ट्वेन हीच कथा व्याख्यानांतून सांगत असत. गोष्ट कशी सांगावी याविषयीच्या १८९५ च्या निबंधात त्यांनी तिच्या अखेरच्या विरामाची चर्चा केली आहे. विराम किंचित लांबला किंवा किंचित आखूड झाला तरी कथा फुकट जाते, असे त्यांचे म्हणणे. पुढे आल्विन श्वार्ट्झ या अमेरिकन लेखकाने १९८१ मध्ये ‘स्केअरी स्टोरीज टु टेल इन द डार्क’ हा मुलांसाठीचा संग्रह काढला. त्यातही या कथेचे एक रूप आहे. तेथे हाताऐवजी बागेत उकरताना सापडलेला पायाचा अंगठा आहे आणि तो घरच्या रश्शात पडतो!

या कथेची भाषिक रचना पाहावी. आरंभी सर्व क्रियापदे तृतीयपुरुषी व भूतकाळी. मग मृताचा आवाज येतो. तो प्रथमपुरुषी असून प्रश्नार्थक आहे: माझी वस्तू कोठे आहे, ती कोणी घेतली? हा प्रश्न तीन-चार वेळा येतो आणि दर वेळी स्थलवाचक पद बदलते. आवाज आधी दूर असतो, नंतर अंगणात, नंतर जिन्यावर, नंतर दाराशी. कथेतील स्थळ असे आकसत असताना श्रोत्याचे स्थळ मात्र तेच राहते. शेवटी विराम येतो आणि सांगणारा शेजारच्या मुलाच्या अंगावर झेपावून ओरडतो की ती तूच घेतलीस. श्वार्ट्झ यांनी ही झेप कंसातील सूचना म्हणून छापली आहे, नाटकाच्या संहितेत असते तशी. एका शब्दात तृतीय पुरुषाचा द्वितीय पुरुष होतो, भूतकाळाचा वर्तमान होतो आणि ‘तेथे’चे ‘येथे’ होते. मूल किंचाळते व लगेच हसते, कारण द्वितीय पुरुष उच्चारणारा प्रथम पुरुष कोण हे त्याला ठाऊक असते. तो मामा असतो, किंवा शिबिरातील थोरला मुलगा. बागुलबुवाच्या धाकात ही ओळख नाही. तेथे भिववणारा दुसऱ्याच्या नावाने बोलतो आणि स्वतः नामानिराळा राहतो.

जाता जाता आणखी एक विशेष. इंग्रजीत द्विरुक्तीचा व्याकरणिक वापर मर्यादित आहे, पण मुलांच्या भयकथेत ती वारंवार भेटते. जेकब्ज यांच्याच संग्रहातील ‘टीनी-टायनी’ या कथेत जवळजवळ प्रत्येक नामामागे हा जोडशब्द लागतो. श्वार्ट्झ यांनी १९८४ मध्ये नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी काढलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘अंधारी, अंधारी खोली’ आहे. मराठीला द्विरुक्ती परकी नाही. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट तिच्यावरच चालते. वाघ खायला टपलेला असताना मुलाच्या कानात नाद घुमत राहतो. नाद हाही कुंपणाचाच प्रकार आहे, कारण जे तालात आहे ते कोणीतरी सांगत आहे याची जाणीव सुटत नाही.

श्वार्ट्झ यांच्या संग्रहाचे पुढे दोन भाग निघाले, १९८४ व १९९१ मध्ये. प्रत्येकाच्या अखेरीस लोकसाहित्याच्या अभ्यासकाला शोभतील अशा टिपा व संदर्भ आहेत. तरीही अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची जी यादी केली, तिच्यात ही मालिका पहिली होती. आक्षेपांचा रोख कथांवर होता, तसाच, किंबहुना काकणभर अधिक, स्टीफन गॅमेल यांच्या चित्रांवर होता. पाझरणारी शाई, डोळ्यांच्या जागी पोकळ्या, कोठे सुरू होतात व कोठे संपतात हे न कळणाऱ्या आकृती, अशी ती चित्रे आहेत. पहिल्या भागाला तीस वर्षे होत आली तेव्हा प्रकाशकाने दुसऱ्या चित्रकाराची सौम्य चित्रे घालून नवी आवृत्ती काढली. जुने वाचक, जे आता स्वतः आईबाप झाले होते, त्यावर संतापले आणि काही वर्षांनी मूळ चित्रे परत आली.

येथे आक्षेपकांची बाजू सरसकट हसण्यावारी नेता येत नाही. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला मी अंगठ्याची गोष्ट मराठीत सांगितली, तेव्हा तिने ती तीनदा पुन्हा सांगावयास लावली. पुस्तक हाती दिले, तेव्हा मात्र एका चित्राशी थबकून तिने ते पालथे घालून ठेवले आणि त्यावर उशी ठेवली. कारण उघड आहे. चित्राला काळ नाही. ‘होता’ हे चित्रात काढता येत नाही आणि ‘नव्हता’ तर मुळीच नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने चित्र नेहमी वर्तमानकाळी असते आणि ते कोण बोलत आहे हेही कळत नाही. आक्षेपकांनी भीतीची जागा अचूक ओळखली होती. त्यांचा उपाय मात्र मला मान्य नाही. पुस्तक मिटण्याचा व पालथे घालण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे काळाचे दुसरे एक कुंपण उभेच असते.

शब्द आणि चित्र यांतील हा भेद कायद्यालाही एकदा सुचला होता. अमेरिकेत १९५४ मध्ये भयचित्रकथांविरुद्ध मोहीम होऊन प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली. ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला, तो मुख्यतः चित्रांतून सांगितलेल्या कथांपुरता होता. भारतात १९५६ साली अल्पवयीनांस अपायकारक प्रकाशनांविषयीचा कायदा झाला. त्यात मात्र चित्रांच्या साह्याने, चित्रांवाचून किंवा केवळ चित्रांतून सांगितलेल्या, अशा तिन्ही प्रकारच्या कथांचा समावेश केला गेला. गुन्हे, हिंसा व क्रौर्य यांच्या जोडीला किळसवाण्या व भयंकर प्रसंगांचाही त्यात उल्लेख आहे. आणि अल्पवयीन म्हणजे वीस वर्षांखालील! ब्रिटिश मसुद्यातील नेमका भेद आपल्याकडे येता येता पुसला गेला. प्रकाशनाचा एकूण परिणाम पाहावा असे दोन्ही कायदे म्हणतात, एवढाच दिलासा.

आता काळ्या विनोदाकडे वळू. त्याची व्याकरणिक ओळख कालापेक्षा संकेतार्थाने पटते. फ्रँकफुर्टचे वैद्य हाइन्रिख हॉफमान यांना १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनाजोगते पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते लिहून व चितारून दिले. १८४५ मध्ये ते छापले गेले आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर गेले. त्यातील एक मुलगा अंगठा चोखतो. आई बजावते की चोखलास तर शिंपी येऊन अंगठे कापील. आई बाहेर जाते आणि शिंपी खरोखरच येतो. बागुलबुवाला येथे भूतकाळ मिळाला! ‘तर’च्या पुढचे भविष्य कथेत घडून गेले. शिक्षा अपराधाच्या मानाने इतकी अवाढव्य आहे की हा बोध आहे की बोधाची थट्टा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हिलेअर बेलॉक यांच्या १९०७ मधील बोधकाव्यांत ती थट्टाच आहे. दाईचा हात सोडणाऱ्या मुलाला सिंह खातो आणि आईबाप त्यावर अगदी थंडपणे तात्पर्य सांगतात. अपराध व शिक्षा यांचा ‘जर-तर’ मात्र तेथेही शाबूत आहे.

एडवर्ड गोरी यांच्या ‘द गॅशलिक्रम टायनीज’ या १९६३ च्या छोट्या पुस्तकात हा ‘जर-तर’च नाहीसा झाला. इंग्रजी वर्णमालेची सव्वीस अक्षरे, सव्वीस मुले, सव्वीस मृत्यू. पहिली मुलगी जिन्यावरून पडते. एक मुलगा तर निव्वळ कंटाळ्याने मरतो. कोणाचाही नैतिक अपराध नाही. मृत्यूला कारण एकच, वर्णक्रमात नाव आले. वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. मुख्य वाक्य अंकलिपीचे, अमुक अक्षर अमक्याचे, वर्तमानकाळी आणि निर्विकार. मृत्यू येतो तो नावाला जोडलेल्या विशेषणात्मक गौण वाक्यात किंवा धातुसाधितात. जे सर्वांत महत्त्वाचे ते व्याकरणाने सर्वांत दुय्यम केले आहे. मुलाला अक्षरे शिकवण्याचे जे अभिवचन हा घाट देतो, ते पाळून तो बाकी सर्व काढून घेतो. त्यातील विनोद कळण्यास अंकलिपी मागे टाकलेली असावी लागते. म्हणून हे पुस्तक बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवणे मला चुकीचे वाटते. ते भयंकर आहे म्हणून नव्हे. त्यात मुलाला उद्देशून बोलणारे कोणी नाही म्हणून.

श्वार्ट्झ यांची कथा मराठीत सांगताना एक गोष्ट ध्यानात आली, ती नोंदवून ठेवतो. इंग्रजीत अखेरचा घाव एकाच सर्वनामावर पडतो. मराठीत ‘तूच घेतलास’ म्हणताना द्वितीय पुरुष दोनदा येतो, एकदा सर्वनामात आणि पुन्हा क्रियापदाच्या ‘स’मध्ये, शिवाय ‘च’ आहेच. भाचीने दुसऱ्या दिवशी ती गोष्ट आपल्या आजोबांना सांगितली. विराम तिने ट्वेनना आवडेल इतका नेमका घेतला, आणि मग त्यांच्या अंगावर झेप घेऊन ओरडली, ‘तुम्हीच घेतलात!’

भुताच्या तोंडीही तिने आदरार्थी बहुवचन सोडले नाही.