घोड्याच्या साजास कोणतें तेल लावावें?

नवा चामडी साज हातीं आला, कीं त्याचा फिकट रंग डोळ्यांस खुपतो आणि तेल चोपडून तो काळसर-तांबूस करण्याची घाई होते. परंतु ज्या तंगावर व रिकिबीच्या वादीवर स्वार आपला जीव सोंपवितो, त्यांस तेल निवडतांना रंगाचा विचार मागाहून करावा, असें आमचें मत आहे.

बाभळीच्या अथवा तरवडाच्या सालीनें कमावलेलें कातडें म्हणजे बारीक तंतूंचें जाळें होय. घाम, ऊन व पाणी यांनीं त्यांतील स्निग्धांश गेला, म्हणजे ते तंतु एकमेकांवर घासून तुटूं लागतात. तेल तेथें वंगणाचें काम करतें. शिवाय तंतूंमधील हवेची जागा तेलानें घेतली, कीं प्रकाश पूर्वीइतका विखुरत नाहीं, व भिजलेल्या कापडाप्रमाणें चामडें गडद दिसूं लागतें.

तेव्हां कातड्यांत तेल म्हणूनच टिकून राहील, असें तेल हवें. येथेंच जवसाचें तेल अपात्र ठरतें. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें. चित्रकार त्यास मान देतात तो याच गुणामुळें. त्याचा रंग मात्र मोठा मोहक! आम्हीही भुलून एका लगामास तें लाविलें होतें. कांहीं महिन्यांत लगाम काठीसारखा ताठ झाला, आणि बकलापाशीं वांकवितांच त्यास भेगा पडल्या. हें तबेल्यांत घडलें, रस्त्यावर नव्हे, एवढेंच नशीब.

इंग्लंडांतील जिनगर पूर्वापार ‘नीट्सफूट’ तेल वापरीत आले. ‘नीट’ हा इंग्रजींत गुरांचा जुना शब्द. त्यांच्या पायांच्या नळ्या व खुरांवांचून पावलें उकळून हें तेल निघतें. तें थंडींतही पातळ राहतें, वाळत नाहीं, आणि रंगही बराच गडद करतें. ऑलिव्हचें तेलही चालतें. आपलें खोबरेल वाळत नाहीं खरें, पण सुमारें २४ अंश सेंटिग्रेडखालीं थिजतें. एरंडेल फार दाट, म्हणून सावकाश मुरतें.

साज पुसून, सावलींत सुकवून, किंचित् ओलसर असतांनाच मांसाकडील बाजूनें पातळ हात द्यावा व एक दिवस थांबावें. अति तेलानें वादी लोळागोळा होऊन ताणली जाते. काळाच रंग हवा असल्यास जिनगराकडून तो चढवून घ्यावा. तंग मात्र प्रत्येक वेळीं कसण्यापूर्वीं भोकांपाशीं वांकवून पाहावा. तेथें बारीक रेघ दिसली, तर कोणतेंही तेल ती सांधूं शकत नाहीं, तंगच बदलावा लागतो.